कमी औषधांची हिरवळ

अठरा होलच्या गोल्फ मैदानाचा पसारा साधारण पन्नास-साठ हेक्टरांचा. पण खते आणि औषधांचा खरा प्रश्न असतो तो त्यातल्या जेमतेम हेक्टर-सव्वा हेक्टर जागेचा. ही जागा म्हणजे ‘ग्रीन’, प्रत्येक होलभोवतीचा पाचेकशे चौरस मीटरचा तुकडा. इथे चेंडू जमिनीवरून घरंगळत जावा लागतो. त्यासाठी गवत बहुधा रोज कापतात आणि त्याची उंची तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. दर चौरस मीटरमागे सर्वाधिक बुरशीनाशक पडते ते इथेच.

कारण उघड आहे. पानच उरले नाही तर वनस्पती अन्न कशावर तयार करणार? पान तोकडे, म्हणून मुळे आखूड. मुळे आखूड, म्हणून पाणी सारखे द्यावे लागते. आणि सतत ओल्या, रोज नव्याने कापल्या जाणाऱ्या पानावर बुरशीला आयते दार उघडे. १९५० च्या दशकात ग्रीनवरच्या गवताची उंची आजच्या जवळपास दुप्पट असे. पुढे कापणी यंत्रे सुधारली आणि वेगाची हौसही वाढली. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकी खेळाडूने १९३५ साली ग्रीनचा वेग मोजणारी साधी पन्हळ बनवली होती. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने १९७० च्या दशकात ती ‘स्टिम्पमीटर’ म्हणून प्रचारात आणली. ग्रीनमधला असमानपणा तपासण्याचे हे साधन लवकरच क्लबाक्लबांतल्या चढाओढीचा आकडा बनले. त्या आकड्याची किंमत गवताने मोजली, आणि गवताला जगवण्यासाठी फवारणीने.

म्हणून औषध कमी करण्याची सुरुवात औषधाच्या बाटलीपासून होत नाही, ती कापणीच्या पात्यापासून होते. उंची अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने वाढवली तरी पानाचे क्षेत्र लक्षणीय वाढते. त्यामुळे कमी झालेला वेग हलका रोलर फिरवून बराचसा परत मिळवता येतो. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत तर नियमित रोलर फिरवलेल्या ग्रीनवर ‘डॉलर स्पॉट’ हा रोगही कमी आढळला.

डॉलर स्पॉट हा या सगळ्या प्रकरणातला मुख्य आरोपी. अमेरिकेत गोल्फ मैदानांवर बुरशीनाशकांचा मोठा खर्च याच एका रोगापायी होतो. चांदीच्या डॉलरएवढे, वाळलेल्या गवताच्या रंगाचे गोल ठिपके ही त्याची ओळख. भल्या पहाटे, दव सुकण्याआधी वाकून पाहिले तर ठिपक्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी तंतुमय बुरशी दिसते. ऊन चढले की ती नाहीशी होते. एकेका पानावर फिकट पट्टा आणि त्याच्या दोन्ही टोकांना तांबूस-तपकिरी कडा असते. या बुरशीला पान दीर्घकाळ ओले लागते. त्यामुळे सकाळी लवकर दव झाडणे हाच एक उपचार ठरतो. त्यासाठी दोन माणसे लांब दोर धरून ग्रीनवरून ओढत नेतात, लवचीक काठी फिरवतात किंवा कापणीच पहाटे उरकतात. कुठल्याही परवान्याची गरज नसलेला हा उपाय माणसांचे हात मात्र मागतो आणि बऱ्याच ठिकाणी तो तिथेच अडतो.

फवारणी करायचीच झाली तर ती कॅलेंडर पाहून नव्हे, हवामान पाहून करावी, यासाठी ‘स्मिथ-कर्न्स’ हे गणित वापरात आले आहे. मागच्या पाच दिवसांची सरासरी आर्द्रता आणि तापमान घालून रोगाची शक्यता काढायची. साधारणपणे ती वीस टक्क्यांच्या खाली असेल, तर पंप बाहेर काढायचा नाही.

खताचा विषय थोडा वाकडा आहे. नत्र जास्त झाले की गवत लुसलुशीत होते, ‘ब्राउन पॅच’ आणि पिथियमसारखे रोग बळावतात, आणि वालुकामय मातीतून नायट्रेट थेट भूजलात उतरते. पण नत्र फारच तोडले तर डॉलर स्पॉट आणि अँथ्रॅक्नोज डोके वर काढतात. म्हणजे खत आंधळेपणाने कमी केले तर बुरशीनाशकाचे बिल वाढते. यावरचा मार्ग म्हणजे थोडे थोडे आणि वेळेवर देणे. गवताची वाढ तापमानानुसार ठरते: थंड हवामानातील गवतांना साधारण वीस अंश सेल्सियस, तर उष्ण हवामानातील गवतांना एकतीस अंशांच्या आसपास सर्वांत मानवते. त्या हिशेबाने वाढ मंदावेल तेव्हा नत्रही आखडते घ्यायचे. दररोज किती लिटर कातरण निघाले याची नोंद ठेवणारे व्यवस्थापक आता बरेच दिसतात. वाढीचा यापेक्षा स्वस्त मापदंड नाही.

स्फुरद आणि पालाशाबाबतही जुनी शिफारस सैल झाली आहे. पेस टर्फ आणि एशियन टर्फग्रास सेंटर या संस्थांनी २०१२ साली चांगली हिरवळ असलेल्या हजारो माती नमुन्यांवरून अन्नद्रव्यांच्या किमान पातळ्या काढल्या. पालाश ३७ आणि स्फुरद २१ भाग प्रति दशलक्ष, इतके मातीत असले तर पुरे. पूर्वीच्या मर्यादांपेक्षा हे आकडे बरेच खाली आहेत. माती परीक्षणात पातळी यापेक्षा वर आली, तर गोणी फोडायचे कारणच उरत नाही.

किडींमध्ये सर्वांत त्रासदायक हुमणी. मराठी ऊस-उत्पादकाला तिचा परिचय करून द्यायला नको. गोल्फ मैदानावर ती मुळे खातेच, शिवाय तिच्या मागावर आलेले पक्षी आणि प्राणी हिरवळ उकरून टाकतात. पूर्वी तिच्यावर डायझिनॉन हे कीटकनाशक सर्रास वापरत. १९८४ साली न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरील एका गोल्फ मैदानात डायझिनॉन टाकलेले गवत खाऊन सुमारे सातशे ब्रँट हंस मेले. त्यानंतर काही वर्षांत अमेरिकेत गोल्फ मैदानांवर त्याला बंदी आली. आता जमिनीचा चौकोनी तुकडा उचलून हुमण्या मोजतात आणि संख्या ठराविक पातळीबाहेर गेली तरच उपाय करतात. हुमणीला मारणारे स्टाइनरनेमा आणि हेटेरोरॅब्डायटिस जातींचे सूत्रकृमीही सोडले जातात. मात्र ते संध्याकाळी, ओलाव्यात सोडायला हवेत; उन्हात ते टिकत नाहीत.

हे सारे उपाय एकत्र केले तर निभाव लागतो का, याची सर्वांत चिकाटीने घेतलेली परीक्षाही लाँग आयलंडवरच झाली. तिथली जमीन वालुकामय आणि पिण्याचे पाणी भूजलाचे. तिथल्या बेथपेज स्टेट पार्कमध्ये पाच सार्वजनिक मैदाने आहेत. त्यातले ‘ब्लॅक’ यूएस ओपनमुळे जगप्रसिद्ध. प्रयोग झाला तो शेजारच्या ‘ग्रीन’ नावाच्या मैदानावर. कॉर्नेल विद्यापीठाच्या जेनिफर ग्रँट आणि फ्रँक रॉसी यांनी २००१ पासून तिथल्या अठरा ग्रीन सहा गटांत विभागल्या. काहींवर नेहमीची फवारणी, काहींवर एकात्मिक कीड व्यवस्थापन, काहींवर रसायनेच नाहीत. आणि प्रत्येक प्रकारात मशागतीच्या दोन पद्धती. खेळ चालूच होता, त्यामुळे परीक्षा कागदी नव्हती. औषधांची तुलना नुसत्या किलोंत केली नाही. कॉर्नेलमध्येच १९९२ साली तयार झालेल्या ‘पर्यावरणीय परिणाम गुणांका’ने प्रत्येक औषधाचा कामगारांवर, ग्राहकांवर आणि इतर जीवांवर होणारा ताण मोजला.

एकात्मिक पद्धतीच्या ग्रीन बहुतेक काळ नेहमीच्या ग्रीनच्या तोडीस तोड राहिल्या. रसायनमुक्त ग्रीनची गोष्ट वेगळी. सुरुवातीच्या उन्हाळ्यांत त्यांतल्या काहींवरचे गवत अक्षरशः मेले. पुढे उंची, रोलर, गवताची जात यांत बदल केल्यावर त्या सुधारल्या, पण भरवशाच्या झाल्या नाहीत. या प्रयोगाचे धडे नंतर न्यूयॉर्क राज्याच्या इतर सरकारी मैदानांवरही गिरवले गेले.

पूर्ण रसायनमुक्त मैदान अशक्य आहे असे मात्र नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचा व्हिनयार्ड गोल्फ क्लब २००२ साली उघडला तोच कृत्रिम रसायने न वापरण्याच्या अटीवर. तिथे शेवाळावर भांडी घासायचा द्रव साबण वापरून पाहिला गेला. थोडे तण, थोडे डाग तिथले सदस्य चालवून घेतात. ही सवलत नसती तर साबण कामाला आला नसता. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने २००९ साली शोभेच्या हिरवळीवरची कीडनाशके बंद केली. गोल्फला सूट दिली, पण एकात्मिक व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र आणि दरवर्षी जाहीर सभेत वापराचा हिशेब या अटींवर.

महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात गणित बदलते. इथे थंड हवामानातले बेंटग्रास हे गवत तग धरत नाही. ग्रीनवर असतात ती हरळीची संकरित वाणे. अमेरिकेतल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी १९५६ साली प्रसारित केलेले ‘टिफग्रीन’ हे त्यांतले एक गाजलेले वाण. हरळी उन्हाला दाद देत नाही, पण सावलीत खंगते. पावसाळ्यात ढगांमुळे आधीच प्रकाश तुटपुंजा असतो, आणि त्यात गवत तितकेच खुरटे ठेवले की ते विरळ होऊन रोगाला बळी पडते. अशा वेळी उंची थोडी वाढवणे आणि ग्रीनवर सकाळची सावली पाडणाऱ्या फांद्या छाटणे ही पहिली दोन कामे. फवारणीचा क्रमांक त्यानंतरचा.