एका सिलिंडरचे बळ आणि मर्यादा

पिंपरी, प्रतिनिधी

सकाळी सहाच्या सुमारास भोसरीहून चाकणच्या दिशेने निघाले, की मोशीजवळ इंद्रायणीचा पूल ओलांडेपर्यंत मोटारसायकलींची रांग रस्त्याच्या कडेने सरकताना दिसते. पहिल्या पाळीला निघालेले कामगार, हँडलला अडकवलेला डबा, मागच्या सीटवर शेजारच्याच खोलीत राहणारा सहकारी आणि बाजूने जाणारे अवजड कंटेनर हे येथील रोजचे दृश्य. कंपनी, रंग आणि किंमत निरनिराळी असली, तरी यांतील जवळजवळ प्रत्येक मोटारसायकलीचे इंजिन एकाच सिलिंडरचे असते. हे इंजिन या पट्ट्याला इतके का मानवले आणि कोणत्या ठिकाणी ते कमी पडते, हे प्रत्येक दुचाकीस्वाराने समजून घेतले पाहिजे. कारण ही मर्यादा प्रत्यक्ष रस्त्यावर जिवाशी येऊन भिडते.

पिंपरी-चिंचवड आणि एक सिलिंडर यांचे नाते जुने आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ मध्ये आणलेली चेतक स्कूटर एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनावर धावत असे. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुनाही त्याच वर्षीची आणि तीही एकाच सिलिंडरची. पुढे चाकणला बजाजचा मोटारसायकल कारखाना उभा राहिला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर बाजारात आली. २०१२ मधील केटीएम २०० ड्यूक आणि २०२३ मधील ट्रायम्फ स्पीड ४०० ही चाकणमध्येच तयार झालेली परदेशी नावेही एका सिलिंडरचीच आहेत. गाड्या बदलल्या, ग्राहक बदलले, पण सिलिंडरची संख्या मात्र बदलली नाही.

साधेपणातच सामर्थ्य

याचे पहिले कारण म्हणजे रचनेतील साधेपणा. एक सिलिंडर म्हणजे एक पिस्टन, एक कनेक्टिंग रॉड आणि मोजकेच व्हॉल्व्ह. भाग कमी असल्याने उत्पादनाचा खर्च, वजन आणि बिघाडाच्या शक्यता या तिन्ही गोष्टी कमी होतात. गल्लीतल्या गॅरेजमधील मिस्त्री हे इंजिन मोजक्या हत्यारांनिशी उघडून पुन्हा जोडू शकतो. महिन्याचा हप्ता आणि घरभाडे यांची सांगड घालणाऱ्या कामगाराला ही सोय लाखमोलाची वाटते.

दुसरे कारण अ‍ॅव्हरेजचे. दीडशे सीसीचे इंजिन एकाऐवजी दोन सिलिंडरमध्ये विभागले, तर एकमेकांवर घासणारे भाग वाढतात. जळणाऱ्या वायूची उष्णता शोषून घेणाऱ्या भिंतींचा पृष्ठभागही वाढतो. म्हणजे पेट्रोलमधील शक्तीचा अधिक वाटा चाकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाया जातो. लहान इंजिन एका सिलिंडरचे ठेवणे म्हणूनच हिताचे ठरते. पल्सरमध्ये २००३ साली आलेल्या डीटीएस-आय तंत्राने हाच मुद्दा पुढे नेला. सिलिंडर एकच ठेवून त्यात दोन स्पार्क प्लग बसविण्यात आले. ज्वाळेला कापावे लागणारे अंतर घटले आणि ज्वलन अधिक वेगाने व पूर्णपणे होऊ लागले.

तिसरे कारण रस्त्याचे. नाशिक फाटा ते चाकण या मार्गावर गर्दीच्या वेळी वाहनांचा वेग अनेकदा पायी चालण्याइतका खाली येतो. सव्वाशे किलोंच्या आसपास वजनाची, अरुंद आणि कमी वेगातही न अडखळणारी मोटारसायकल तेथे मोठ्या गाडीपेक्षा सरस ठरते.

थरथर कोठून येते?

या साधेपणाची किंमत मोजावी लागते ती इंजिनाच्या थरथरीतून. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच ज्वलन होते. सिलिंडर एकच असल्याने दोन धक्क्यांमधील रिकामी जागा भरून काढायला दुसरा सिलिंडर नसतो. त्यातच पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबून दिशा बदलतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर पिस्टन सेकंदाला २०० वेळा थांबतो आणि पुन्हा धावू लागतो. हे हेलकावे हँडल, पायठेवणी आणि सीटमार्गे स्वाराच्या शरीरात उतरतात. तासभर वेगाने गाडी चालविल्यावर तळहाताला येणाऱ्या मुंग्या आणि आरशातले धूसर प्रतिबिंब हा त्याचाच परिणाम. उलट दिशेने फिरणारा बॅलन्सर शाफ्ट बसवून ही थरथर बरीच कमी करता येते. पण त्यामुळे वजन आणि खर्च वाढत असल्याने स्वस्त गाड्यांत तो सहसा नसतो.

वाऱ्याशी झुंज

दुसरी मर्यादा शक्तीची आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. सोप्या भाषेत सांगायचे, तर ताशी ४५ किलोमीटर वेगाने जाताना वाऱ्यासाठी जेवढी शक्ती खर्च होते, त्याच्या आठपट शक्ती ताशी ९० किलोमीटरला लागते. शंभर सीसीच्या मोटारसायकलीपाशी एकूण शक्तीच सुमारे आठ अश्वशक्ती असते. शहरात ती पुरून उरते. पण महामार्गावर ताशी ७५ किलोमीटरच्या पुढे हाताशी जवळपास काहीच शिल्लक राहत नाही. डबलसीट, समोरून वारा आणि चंदनापुरी घाटाची चढण अशी परिस्थिती असेल, तर हा आकडाही गाठता येत नाही.

ओलांडण्याचे नऊ सेकंद

शक्तीच्या या कमतरतेचा खरा अर्थ पुढचे वाहन ओलांडताना कळतो. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५५ किलोमीटर वेगाने चाललेला कंटेनर ताशी ७५ किलोमीटर वेगाच्या मोटारसायकलीने ओलांडायचा आहे, असे समजू. कंटेनरची लांबी आणि मागे-पुढे सोडायचे सुरक्षित अंतर मिळून सुमारे ५० मीटर होतात. दोन्ही वाहनांच्या वेगातील फरक केवळ २० किलोमीटरचा असल्याने त्यासाठी नऊ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मोटारसायकल जवळपास १९० मीटर पुढे जाते आणि समोरून त्याच वेगाने येणारे वाहनही तेवढेच जवळ येते. म्हणजे पावणेचारशे मीटरहून अधिक रस्ता मोकळा दिसल्याखेरीज ओलांडण्याचा विचारच करता येत नाही. गाडीला ताशी ९५ किलोमीटर वेग सहज घेता आला, तर हेच काम साडेचार सेकंदांत होते आणि सव्वादोनशे मीटर मोकळा रस्ता पुरतो. रात्रपाळीहून परतणाऱ्या, झोपेने डोळे जड झालेल्या स्वाराला हा हिशेब अंधारात, समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात करावा लागतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. या सर्व मृत्यूंचे खापर इंजिनावर फोडणे चुकीचे ठरेल. रस्त्यांची अवस्था, हेल्मेटचा अभाव आणि अवजड वाहनांचा बेदरकारपणा हीही कारणे आहेतच. परंतु हाताशी शक्ती शिल्लक नसलेल्या गाडीवर चुकीला क्षमा नसते, हेही तितकेच खरे आहे.

ब्रेकच्या बाबतीतही दरी आहेच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी मात्र दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस ही साधी व्यवस्थाही नियमात पुरेशी मानली गेली. ओल्या रस्त्यावर चाक घसरण्यापासून एबीएस जसे वाचविते, तसे सीबीएस वाचवू शकत नाही. सर्वच नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक करण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये काढला, तो याच दरीमुळे.

मोठा सिलिंडर, मोठा खर्च

एका सिलिंडरमधून अधिक शक्ती काढताच येत नाही, असे नव्हे. २०१३ मध्ये आलेल्या ३९० ड्यूकचे ३७३ सीसीचे एक-सिलिंडर इंजिन ४३ अश्वशक्ती देत असे. त्यासाठी पाण्याने थंड होणारी रचना, चार व्हॉल्व्ह, इंधन इंजेक्शन आणि बॅलन्सर शाफ्ट असा सारा सरंजाम लागला. म्हणजे ज्या साधेपणामुळे हे इंजिन कामगाराला परवडते, तोच येथे सोडावा लागतो.

करांची रचनाही लहान इंजिनाच्याच बाजूची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्याहून मोठ्या दुचाकींवर तो ४० टक्के झाला. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता ७५ ते १५० सीसीसाठी ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीसाठी १,३६६ रुपये आणि त्यापुढे २,८०४ रुपये होता.

निवड कशी करावी?

तेव्हा गाडी घेताना केवळ अ‍ॅव्हरेजचा आकडा न पाहता आपला रस्ता पाहावा, हे उत्तम. चिखली ते भोसरी किंवा निगडी ते तळवडे एवढाच रोजचा प्रवास असेल, तर शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाडीला तोड नाही. दर शनिवारी पाळी संपवून डबलसीट गावी जाणे होत असेल, तर दीडशे सीसीच्या पुढची आणि एबीएस असलेली गाडी घेण्यात शहाणपण आहे. ते परवडत नसेल, तर लांबच्या प्रवासाला एसटी बरी. आणि लहान गाडीवर महामार्गाला लागावेच लागले, तर कंटेनर ओलांडण्याचा मोह टाळून दोन मिनिटे मागे राहावे. घरी दोन मिनिटे उशिरा पोहोचल्याने कोणाचेही काही बिघडत नाही.