मुठीतली वाळू

शिरोलीच्या ओतशाळेत माझी पस्तीस वर्षं मोल्डिंगमध्ये गेली. ऑइल इंजिनांमुळं कोल्हापुरात ओतकाम वाढलं, त्या काळातल्या मिस्त्रींनी मला शिकवलं. पहिले सहा महिने साच्याला हात नाही. फक्त वाळू मळायची. सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी. मूठ आवळायची, उघडायची, गोळा मधोमध मोडायचा. कडा स्वच्छ तुटली, बोटांचे ठसे राहिले, तर वाळू तयार.

आता प्रयोगशाळेत ओल मोजतात, साधारण ३ ते ४ टक्के. मोजावीच. पण नवीन पोरांना मी मूठही शिकवतो, कारण उन्हाळ्यात मळायच्या यंत्रापासून साच्यापर्यंत जातानाच वाळू सुकते. ओल जास्त झाली तर धातूच्या रसाच्या उष्णतेनं वाफ होते आणि कास्टिंगला आत पोकळ भोकं पडतात. कमी झाली तर साच्याची कड ढासळते.

परवा एका पोरीनं गोळा मोडला, कान जवळ नेला आणि म्हणाली, “काका, ही कोरडी आहे, करकरतीय.” आवाजाचं मी तिला सांगितलंच नव्हतं. त्याच दिवशी तिला साच्यावर घेतली.