ती कुत्री कोणाची?

आमच्याकडील खेड्यांत कुत्रे नाही असे घर सहसा सापडावयाचे नाही. शेताला राखण हवी, रात्री परसात डुक्कर शिरू नये, परका माणूस अंगणात आला तर कळावे, अशा कारणांनी कुत्रे पाळले जाते. आणि पुढे ते घरच्या माणसांतलेच एक होऊन बसते. खानापूर तालुक्यातील आमच्या घरी असे दोघे आहेत. थोरला टायगर आता कानांनी मंद झाला आहे. धाकटा मोती तीन वर्षांचा असून त्याच्या अंगात वारे भरलेले असते. मुले शाळेतून परतावयाच्या वेळी दोघेही वाटेकडे डोळे लावून बसतात.

त्यांचे करावयाचे ते आम्ही सर्वजण वाटून घेतो. पाण्याचे भांडे रोज घासून भरणे हे मुलांचे काम. पावसाळ्यात कानांमागे व बोटांच्या बेचक्यांत गोचीड धरतात, ती संध्याकाळी कंदिलाएवढ्या उजेडातही हाताला लागतात. ती काढणे थोरल्यांचे काम. जेवणातील उरलेसुरले देतानाही पाहावे लागते. कांदालसूण घातलेली आमटी कुत्र्यास बाधते, मनुका व द्राक्षे तर विषासारखी ठरू शकतात, आणि शिजलेले कोंबडीचे हाड चावताना चिरफळून घशात वा आतड्यात रुतते. दर वर्षी गुरांचे डॉक्टर येऊन दोघांना रेबीजची लस टोचून जातात. एवढे सर्व करीत असल्यामुळे आपण प्राण्यांवर दया करणारी माणसे आहो, असा आमचा समज होता. तो समज एका तिसऱ्या कुत्रीने दूर केला, आणि आज लिहावयाचे आहे ते तिच्याविषयीच.

ती कोठून आली हे कोणास ठाऊक नव्हते. रंगाने तांबूस, म्हणून मुले तिला तांबडी म्हणत. रोज दुपारी ती मागील दाराशी येऊन उभी राही आणि आम्ही शिळी भाकरी तिच्यापुढे टाकीत असू. असे दोन वर्षे चालले. तिला कधी लस टोचली नाही. डॉक्टर टायगर-मोतीसाठी अंगणात आले तेव्हाही ती मागील दारीच होती. परंतु तिला धरून आणावे असे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आले नाही.

पुढच्या आषाढात आमच्या गवताच्या गंजीआड ती व्यायली. चार पिल्ले झाली. दोन आठवड्यांनी त्यांचे डोळे उघडले, आणखी काही दिवसांनी ती लुटुलुटु चालू लागली. एके संध्याकाळी शेजारचा सात वर्षांचा मुलगा एक पिल्लू उचलावयास गंजीआड वाकला. आईने झडप घालून त्याच्या मनगटावर दात रोवले. दोन खोल खुणा आणि रक्ताची धार पाहून मुलगा किंचाळला, आणि सारी आळी गोळा झाली.

त्याची आजी धावत मिरचीची पूड घेऊन आली. जखमेवर मिरची किंवा चुना भरण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे. सुदैवाने आरोग्य उपकेंद्रातील सिस्टर तेथेच राहतात. त्यांनी आजीचा हात धरला आणि म्हणाल्या, “आजी, काहीसुद्धा लावायचं नाही. साबण आणा आणि पाणी घाला.” पंधरा मिनिटे, घड्याळ लावून, वाहत्या पाण्याखाली साबणाने ती जखम धुतली. रेबीजचे विष कुत्र्याच्या लाळेतून जखमेत उतरते. त्याचा बराचसा भाग साबणपाण्यानेच धुऊन जातो. मिरची, हळद, तेल यांनी मात्र जखम अधिक चिघळते.

इतक्यात मुलाचे वडील आमच्याकडे वळले. “काका, ही कुत्री तुमचीच न्हवं?”

आणि आमच्या तोंडून उत्तर गेले, “छे, ती आमची नव्हे. बेवारशी आहे.”

त्या रात्री जपमाळ झाल्यावर घरात कोणीच फारसे बोलेना. बाहेर चार तरुण पोरे काठ्या घेऊन तांबडीला शोधीत फिरत होती. उद्या पावात विष घालून टाकू, असेही कोणी म्हणाल्याचे कानी आले. आमची धाकटी मुलगी अंथरुणावर पडल्या पडल्या विचारती झाली, “ती आपली नाही, तर मग रोज भाकरी कोण घालत होतं?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तांबडी आमच्या दाराशी राहिली ती आमच्या भाकरीमुळे, आणि आमच्या गंजीआड व्यायली तीही त्याच भरवशावर. दया करण्यातले जे सोपे, तेवढे आम्ही केले होते. जे खर्चाचे आणि कष्टाचे, ते कोणाच्याच माथी नव्हते. त्याचा भार शेवटी एका लहान मुलाच्या मनगटावर पडला.

पहाटेच आम्ही शेजारी गेलो आणि सांगितले, “भाऊ, कुत्री आमचीच आहे. काल खोटं बोललो. पोराला दवाखान्यात नेण्या-आणण्याचं आमच्याकडे.” ते काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, “मग चला लवकर.”

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी जखम पाहून लगेच लस सुरू केली. जखम खोल असल्यामुळे तिच्या भोवती संरक्षक सीरमही टोचले. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची भीती आजीच्या मनात होती. पण ते दिवस केव्हाच मागे पडले. आता दंडाच्या कातडीत बारीक सुईने लस देतात: पहिल्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एकही खेप चुकवावयाची नाही. “कुत्रं चांगलं दिसतंय, थांबून बघू,” असे म्हणणे म्हणजे जिवाशी खेळणे होय. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. ती लक्षणे बहुधा दोनतीन महिन्यांनी उमटतात, आणि त्या अवधीतच लस आपले काम करून जाते. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोचण्यात आली आणि तो वाचला. तेव्हापासून ही वाट माणसासाठी खुली आहे. आपण मात्र वेळेवर दवाखान्यात गेले पाहिजे.

इकडे तांबडीला पिल्लांसह गोठ्याच्या एका कोपऱ्यात बांधले. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावयाची असते. त्याला रोग असेल तर त्या अवधीत ते आजारी पडते वा मरते. विष घालून किंवा काठीने मारून टाकले, तर ही खूणच नाहीशी होते. शिवाय जनावरास विष घालणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे त्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे आम्ही काठ्या घेऊन आलेल्या पोरांना समजावून सांगितले. दहाही दिवस तांबडी नीट जेवली, नीट पाणी प्याली. अकराव्या दिवशी तिला लस टोचली. पिल्लांचे दूध सुटल्यावर टेंपोतून तिला बेळगावास नेऊन तिची शस्त्रक्रिया करून आणली. तिच्या कानाला आता लहानशी खाच आहे. शस्त्रक्रिया झाल्याची ती खूण होय. पिल्ले तिसऱ्या महिन्यात लस टोचून गावातल्याच चार घरी गेली.

हे एका घराने केले. सबंध मुलखाने केले तर काय होते, ते शेजारच्या गोव्यात दिसून आले आहे. तेथे २०१३-१४ पासून गावोगाव फिरून, जाळ्यांत धरून, पाळीव आणि भटक्या कुत्र्यांना लस टोचण्यात आली. शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे जाणकार सांगतात. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत गोव्यात एकही माणूस रेबीजने दगावला नाही, आणि २०२१ साली सरकारने ते राज्य ‘रेबीज नियंत्रित’ म्हणून जाहीर केले. आपल्या गावासाठीही हे मागता येते. २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया व लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. त्याच नियमांनी अशा कुत्र्यांना ‘सामुदायिक प्राणी’ असे नाव दिले आहे; म्हणजे ते बेवारशी नव्हेत, साऱ्या वस्तीचे आहेत. आमच्या आळीतील अकरा घरांनी सह्या करून पंचायतीत अर्ज दिला आहे.

१६ ऑगस्टला संत रोक यांचा सण येतो. त्यांच्या मूर्तीच्या पायाशी तोंडात भाकरी धरलेला कुत्रा असतो, हे वाचकांनी पाहिलेच असेल. महामारीने ग्रस्त होऊन संत रानात पडले असता तो रोज त्यांना भाकरी आणून देई, अशी कथा आहे. त्या वर्षी त्या मूर्तीकडे पाहताना आमच्या ध्यानात आले की, तो कुत्रा एकदा भाकरी टाकून निघून गेला नाही. आजारी माणूस उठून उभा राहीपर्यंत तो येत राहिला.

शेजारच्या मुलाची जखम भरली. त्याची भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही. तांबडी दिसली की तो दोन हात दूर उभा राहतो, आणि तेही योग्यच आहे. तिला आता गळपट्टा आहे, आणि डॉक्टरांच्या वहीत टायगर व मोती यांच्या खाली तिचे नाव आहे. परवा एक वाटसरू तिला पाहून विचारता झाला, “ही कुत्री कोणाची?” आम्ही तोंड उघडण्याच्या आधीच शेजारच्या आजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, “आमच्याच आळीची हाय ती.”