माती आणि गादी

तालमीतील कुस्ती मातीच्या हौद्यात खेळली जाते. ताक, तेल व हळद घालून ही माती मऊ करतात. ऑलिंपिकमधील कुस्ती मात्र गादीवर होते. गादीवर पाय रुतत नाहीत; तेथे चपळाईला व गुणांना महत्त्व असते. साहजिकच होतकरू मल्ल गादीकडे वळू लागले. मग मातीचे काय व्हावे?

१९६१ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत आज माती व गादी असे दोन विभाग आहेत. दोन्हींचे विजेते किताबासाठी परस्परांशी झुंजतात. २०१८ साली जालना येथे माती विभागाच्या बाला रफिक शेख याने गादी विभागाच्या अभिजित कटके यास हरवून किताब मिळविला.

जुना खेळ केवळ स्तुतीने टिकत नाही. त्याला खरी झुंज मिळावी लागते.