कालव न थकता बंद कसं राहतं?

कोकणातल्या खडकांवरचं कालव उघडायला सुरीला चांगलाच जोर द्यावा लागतो. ओहोटीत तासन्‌तास मिटून राहणारा हा जीव दमत कसा नाही?

सांध्यातली लवचीक पट्टी दोन्ही शिंपले सतत उघडू पाहते. त्यांना मिटवणाऱ्या स्नायूचे दोन भाग असतात. एक झटकन आकसतो, पण लवकर थकतो. दुसरा सावकाश आकसतो आणि दाराला कडी लागावी तसा तिथेच अडकून राहतो. मग फारच थोडी ऊर्जा लागते आणि आतलं पाणीही टिकतं.

शिंपल्यांची उघडझाप करत पोहणाऱ्या स्कॅलप या जीवामध्ये मात्र झटकन आकसणारा भाग मोठा असतो. राहणीप्रमाणे स्नायूची घडण बदलते.

कालव मेलं की स्नायू सैलावतो, शिंपले उघडतात. म्हणूनच ठोकूनही न मिटणारं कालव खाऊ नये.