विश्लेषण : माळढोकची पिल्ले जन्मली, पण त्यांना सोडायचे कुठे?

राजस्थानमधील जैसलमेर येथे १६ ऑक्टोबर २०२४ रोजी कृत्रिम रेतनातून माळढोकचे पिल्लू जन्माला आले. या पक्ष्याच्या बाबतीत असे यश पहिल्यांदाच मिळाले. मात्र केंद्रात वाढलेल्या पिल्लांना एक दिवस उघड्या माळावर सोडावे लागणार आहे आणि खरी अडचण तिथेच आहे.

किती माळढोक उरले आहेत?

देशात सुमारे दीडशेच माळढोक उरल्याचा अंदाज आहे. त्यातील बहुतेक जैसलमेर परिसरात आहेत. तिथे त्याला ‘गोडावण’ म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. गुजरातमधील कच्छमध्ये काही माद्याच उरल्या आहेत. महाराष्ट्रात अलीकडे एखाद-दुसरा पक्षी दिसला तरी बातमी होते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये माळढोकचा समावेश ‘अतिसंकटग्रस्त’ प्रजातींमध्ये केला.

संख्या वाढत का नाही?

मादी वर्षाला साधारणपणे एकच अंडे घालते. तेही झाडावर नाही, तर उघड्या जमिनीवर. भटकी कुत्री, कोल्हे, कावळे यांच्यापासून ते वाचले तर पिल्लू जगते. त्यामुळे एक प्रौढ पक्षी गेला तर ती तूट भरून यायला काही वर्षे लागतात.

वीजतारांचा धोका किती?

माळढोकचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. आजूबाजूचे त्याला चांगले दिसते, पण नाकासमोरची तार वेळेत दिसत नाही. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १५ किलोपर्यंत असू शकते. इतके वजन घेऊन शेवटच्या क्षणी वळणे त्याला जमत नाही. थर वाळवंटात दरवर्षी सुमारे १८ माळढोक तारांवर आदळून मरत असावेत, असा अंदाज डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने वर्तवला होता. दीडशे पक्ष्यांच्या प्रजातीला हे परवडणारे नाही.

मग तारा जमिनीखाली का नेत नाहीत?

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तसाच आदेश दिला होता. माळढोकच्या क्षेत्रातील कमी दाबाच्या तारा जमिनीखाली न्याव्यात, उच्च दाबाच्या तारांबाबत ते शक्य आहे का हे तपासावे आणि तोवर तारांवर ‘बर्ड डायव्हर्टर’ लावावेत, असे न्यायालयाने म्हटले होते. डायव्हर्टर म्हणजे पक्ष्याला तार लांबून दिसावी म्हणून तिच्यावर अडकवलेल्या चकत्या.

अडचण अशी की, माळढोकचा हाच पट्टा सौर आणि पवन ऊर्जेसाठीही देशात सर्वोत्तम मानला जातो. तिथली वीज शेकडो किलोमीटर दूर पोहोचवायची तर उच्च दाबाच्या वाहिन्या लागतात. जमिनीखालची केबल लांब अंतरावर एखाद्या मोठ्या कपॅसिटरसारखी वागते. केबलची बरीचशी क्षमता तिच्या स्वतःच्या चार्जिंगमध्येच खर्च होते. उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते, बिघाड शोधायला वेळ लागतो आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

केंद्र सरकारने याच अडचणी न्यायालयासमोर मांडल्या. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरवरील सरसकट निर्बंध मागे घेतले आणि कुठे काय शक्य आहे हे ठरवण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हाही नागरिकांचा हक्क असल्याचे याच निकालात नमूद झाले. म्हणजे एका पारड्यात पक्षी आणि दुसऱ्यात स्वच्छ ऊर्जा. दोन्ही बाजू पर्यावरणाच्याच.

प्रजनन केंद्रात काय चालते?

२०१९ मध्ये जैसलमेरजवळील सम येथे काम सुरू झाले. माळावरची अंडी गोळा करून ती यंत्रात उबवली गेली आणि पिल्ले हाताने भरवून वाढवली गेली. पुढे रामदेवरा येथे दुसरे केंद्र झाले. कृत्रिम रेतनासाठी तिथल्या ‘सुदा’ नावाच्या नराला नकली मादीच्या साहाय्याने तयार करण्यात आले. त्याचे शुक्राणू सुमारे २०० किलोमीटरवरील सम केंद्रात नेऊन ‘टोनी’ या मादीत सोडण्यात आले. हे तंत्र अबुधाबीतील होबारा पक्ष्यांच्या संवर्धन केंद्राकडून शिकून घेतले होते. यामुळे नर आणि मादी एकत्र न आणताही प्रजनन करता येते आणि जनुकीय वैविध्य टिकवणे सोपे जाते.

पण हाताने वाढलेला पक्षी माणसाला सरावतो. कोल्हा दिसला की पळायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. म्हणून पिल्लांना टप्प्याटप्प्याने माळाची सवय लावावी लागेल. त्यासाठी तारा, कुत्री आणि अतिक्रमण यांपासून मुक्त गवताळ पट्टे तयार हवेत.

महाराष्ट्राने काय शिकायचे?

सोलापूरजवळचे नान्नज हे माळढोकचे राज्यातील प्रसिद्ध ठिकाण. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र होते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावे आणि खासगी शेतीही आली. स्वतःच्याच जमिनीचे व्यवहार अडकल्याने लोक नाराज झाले आणि त्या रागाचा धनी पक्षी ठरला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले.

तोवर माळाचे रूप पालटले होते. पाणी आले तसा ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला. गवताळ जमीन सरकारदरबारी ‘पडीक’ मानली गेली आणि गिरिपुष्पासारखी झाडे लावून ती ‘हिरवी’ करण्याचे प्रयत्न झाले. लांबवर नजर पोहोचावी लागणाऱ्या माळढोकसाठी ती हिरवाईच अडथळा ठरली.

राजस्थानातील पिल्लांची संख्या वाढली तर उद्या जुन्या अधिवासांतही त्यांना परत आणण्याचा विचार होऊ शकतो. त्यासाठी नान्नजचे उरलेले गवत राखणे, आजूबाजूच्या तारांवर डायव्हर्टर लावणे आणि कोरडवाहू ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला देणे ही कामे आजही करता येण्यासारखी आहेत. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही.