बांधावरचे साडेपाच इंच

जमिनीच्या भांडणात दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात, हे मोजणीच्या कामात मी अनेकदा पाहतो. बेळगावजवळच्या एका वाटणीत थोरल्या भावाच्या नकाशात बांध ३०० मीटर होता, धाकट्याच्या नकाशात २९९.८६. हे साडेपाच इंच कुणी खाल्ले, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. खाल्ले कुणीच नव्हते. एक नकाशा टोटल स्टेशनने जमिनीवर मोजलेला होता, दुसरा जीपीएसवरून 'यूटीएम' पद्धतीत काढलेला.

पृथ्वी गोल आणि कागद सपाट, त्यामुळे नकाशात अंतर थोडं ताणतं किंवा आकसतं. यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे पाडतात. पट्ट्याच्या मध्यरेषेवर अंतर मुद्दाम ०.९९९६ पट धरलेलं असतं, कडेला ते वाढत जातं. बेळगाव ७५ अंशांच्या मध्यरेषेजवळ आहे, शिवाय समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. उंचीमुळेही नकाशातलं अंतर कमी भरतं. म्हणून इथे १०० मीटरमागे सुमारे ५ सेंटिमीटर कमी. बडोद्यात हा फरक जवळजवळ नाहीच. ग्वाल्हेर पट्ट्याच्या कडेला, तिथे सुमारे साडेपाच सेंटिमीटर जास्त!

ऑनलाइन नकाशांमागची 'वेब मर्केटर' पद्धत तर मोजणीला अजिबात घेऊ नये. तिच्यात बेळगावचे १०० मीटर १०४ होतात, ग्वाल्हेरचे १११.

मग लहान जागेसाठी काय निवडावं? घराचा प्लॉट किंवा दोन-चार एकर शेत असेल, तर एका पक्क्या दगडापासून सुरू होणारी स्थानिक सपाट पद्धत उत्तम. एवढ्या जागेत पृथ्वीचा गोलावा जाणवत नाही, आणि कागदावरचं अंतर टेपशी जुळतं. मात्र लांबलांबच्या किमान दोन खुणांचे यूटीएम आकडेही नोंदवून ठेवावेत, म्हणजे पुढे हा नकाशा मोठ्या नकाशात बसवता येतो.

तुमच्यापैकी अनेकजण पुण्या-बंगळुरात राहून गावच्या वाटणीवर सह्या करतात. सहीआधी तीन प्रश्न विचारा. अंतरं जमिनीवरची की नकाशावरची? पट्टा कोणता, ४३ की ४४? आणि डेटम कोणतं, जुनं एव्हरेस्ट की जीपीएसचं डब्ल्यूजीएस ८४? या दोन डेटमची सरमिसळ झाली, तर हद्द इंचांनी नव्हे, कित्येक मीटरांनी सरकते. उत्तरं नकाशाच्या कोपऱ्यात लिहून घ्या, मगच सही करा.